पुढे केलेलं घड्याळ

मोरिवाकी लाँड्रीच्या काउंटरवर रोज दुपारी चारला एक पुठ्ठा उभा राहतो. त्यावर जाड मार्करने लिहिलंय, 'चार ते चार वीस मालक आत आहेत. हाक मारू नये.' अक्षर चिझुकोसानचं. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, मालकांना बरं नाहीये का? पूजा वगैरे करतात का? चिझुकोसान कोटाच्या कॉलरला चिठ्ठी टाचता टाचता मान वर न करता सांगतात, "त्यांची बोट यायची वेळ आहे." गिऱ्हाईक बंदराच्या दिशेने बघतं आणि आणखी काही न विचारता पावती घेऊन जातं.

बोट टीव्हीत येते. पण ते समजायला मोरिवाकी तेत्सुरो हा माणूस आधी समजायला हवा.

मोरिवाकी हे आडनाव त्यांचं नव्हे, बायकोचं. ते घरजावई. डोंगराकडच्या एका खेड्यातून ताकामात्सुला आले, लाँड्रीत कामाला लागले, मालकांना पसंत पडले, मालकांच्या मुलीलाही, म्हणजे चिझुकोसानना, पसंत पडले. सासऱ्यांनी आडनाव दिलं, इस्त्री दिली आणि एक नियम दिला: या बुधवारी घेतलेला कपडा पुढच्या बुधवारी गिऱ्हाइकाच्या हातात. वादळ येवो, घरात कुणी आजारी पडो. भिंतीवरचं घड्याळसुद्धा सासऱ्यांनी दहा मिनिटं पुढे लावून ठेवलं होतं. काम आधी संपलेलं बरं, म्हणायचे.

तोच बुधवार जावयांनी आपल्या छंदात नेला. त्या काळी कन्सोलच्या डाउनलोड दुकानात दर बुधवारी नवे गेम यायचे. डबा नाही, तबकडी नाही. पाचशे, आठशे येन भरायचे आणि गेम घरी उतरवून घ्यायचा. बहुतेक गेम दोन-तीन माणसांनी, कधी एकट्यानेच, नोकरी सांभाळून केलेले असायचे. मासिकं मोठ्या कंपन्यांच्या गेमना चार-चार पानं द्यायची, यांना एक चौकोन. मोरिवाकीसाननी ठरवलं की आपण यातला एकही सोडायचा नाही. पाच ओळींचं परीक्षण, खाली दहापैकी गुण. नियम दोन. शेवट पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, आणि या बुधवारचे सगळे गेम पुढच्या बुधवारच्या आत.

चिझुकोसान त्यांना परीक्षकसाहेब म्हणायच्या. "परीक्षकसाहेब, मागच्या बाजूला चौदा शर्ट तुमच्या गुणांची वाट बघतायत."

ब्लॉगवरची ही परीक्षणं लोक वाचायला लागले, मग बोलायलाही सुरुवात झाली. गुरुवारी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, इंटरनेटवर. रेकॉर्डिंग लाँड्रीच्या माडीवर. तिथे धुतलेले सूट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत रांगेने टांगलेले असतात. कपडे आवाज पिऊन घेतात, घुमू देत नाहीत. मी तेव्हा वीस वर्षांची, हौशी नाटक मंडळीत. आमच्या नाटकातला राजाचा झगा धुवायला घेऊन गेले आणि डाग जाईल की नाही यावर काउंटरवर जरा मोठ्याने वाद घातला. मोरिवाकीसान आतून बाहेर आले, माझं बोलणं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "झगा फुकट धुऊन देतो. तुमचा आवाज गुरुवारी भाड्याने मिळेल का?"

माझं काम पत्रं वाचायचं. श्रोते पोस्टकार्डं पाठवायचे, टोपणनावांनी. कुणी 'अर्धवट भात', कुणी 'आजोबांची चप्पल'. आणि दर आठवड्याला, न चुकता, 'ओला मोजा'.

ओल्या मोज्याचं अक्षर बारीक, निळ्या-काळ्या शाईतलं, वाऱ्यात वाकलेल्या गवतासारखं एका बाजूला झुकलेलं. विनोद नेहमी लाँड्रीवर. "मोरिवाकीसान, मागच्या महिन्यात या कंपनीला तुम्ही आठ गुण दिलेत, या वेळी चार. गरम पाण्यात टाकलेत का? आकसले." चिझुकोसाननी आयुष्यात एकही गेम खेळला नव्हता, पण गुरुवारी दुपारी टपाल आलं की पहिलं त्याचं कार्ड त्या वाचायच्या. एकदा कार्यक्रमाच्या वाढदिवसाला त्यांनी त्याला बक्षीस पाठवलं: निळ्या काठाचा हातरुमाल, स्वतः धुतलेला, त्यांच्या खास पद्धतीने घडी घातलेला. ती घडी चौकोनी नसते. एक कोपरा जिभेसारखा बाहेर राहतो. पाकिटावर पत्ता लिहिला, 'ओला मोजा, गोदी कामगार वसतिगृह, खोली बारा, तामानो.' तामानो समुद्रापलीकडे, आमच्यासमोरच. रुमाल पोचला. पुढच्या कार्डावर एकच ओळ होती, "रुमाल मिळाला. पहिल्यांदाच कोरडा आहे."

चार वर्षं असं चाललं.

मग एका जूनमध्ये 'चार दहाची बोट' नावाचा गेम आला. त्या आठवड्यात आणखी सहा होते. करणाऱ्याचं नाव फक्त फुकुझुमी. पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं. गेम असा: एका छोट्या बेटावर बोटींचा धक्का आहे. एक बाक, एक झाडू, एक किटली. तुम्ही धक्का झाडायचा, पाणी तापत ठेवायचं. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, खरंच तुमच्या घड्याळात चार दहा झाले की, बोट लागते. एक माणूस उतरतो, चहा घेतो, चार शब्द बोलतो, जातो. झालं. उरलेलं उद्या. असे तीस दिवस.

मोरिवाकीसानकडे सातच दिवस होते.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी ते केलं जे असले गेम खेळणारे सगळेच कधी ना कधी करतात. कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ दुसऱ्या दिवशीच्या चार दहापर्यंत पुढे केलं. बोट आली, पण उतरलं कुणीच नाही. आणखी एक दिवस पुढे. पुन्हा रिकामी. मग ते पुढे करतच गेले, शेवटपर्यंत. बोट यायची, क्षणभर थांबायची, जायची. तिसाव्या दिवशीही तेच. पडदा काळा झाला, नावं आली, म्हणजे एकच नाव आलं. शेवट पाहिला होता. नियम पाळला होता. बुधवारी पाच ओळी लिहिल्या, आणि शेवटच्या अशा:

'पाचशे येन भरून रिकाम्या धक्क्याकडे बघत बसायची हौस असेल त्याने ताकामात्सुला यावं. आमच्याकडे हे फुकट मिळतं. दहापैकी दोन.'

गुरुवारी मी ते वाचलं. वाचलं म्हणजे सादर केलं. 'आमच्याकडे हे'पर्यंत आले आणि थांबले. नाटकात एक गोष्ट शिकवतात, हशा शब्दात नसतो, शब्दाच्या आधीच्या थांबण्यात असतो. मी इतकी छान थांबले की मोरिवाकीसान 'फुकट' यायच्या आधीच हसायला लागले आणि टांगलेल्या सुटांत जाऊन पडले. तेवढा तुकडा लोकांनी कापून इकडे-तिकडे फिरवला. पुढे वर्षभर कुठल्याही साध्या, छोट्या गेमखाली कुणीतरी लिहायचंच, 'आमच्याकडे हे फुकट मिळतं.'

पुढच्या गुरुवारी ओल्या मोज्याचं कार्ड आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी म्हटलं, लग्न झालं असेल. मोरिवाकीसान म्हणाले, बदली झाली असेल. चिझुकोसान म्हणाल्या, "वाळला असेल शेवटी." आम्ही हसलो, आणि हळूहळू विसरलो. चिझुकोसान नाही विसरल्या. टपाल पहिलं त्याच बघायच्या, फक्त का ते म्हणायच्या नाहीत.

वर्षं गेली. नवी यंत्रं आली, जुन्याचं दुकान तसंच चालू राहिलं, कुणी फारसं फिरकत नसलेल्या गल्लीसारखं. श्रोते कमी झाले. तरी दर बुधवारी पाच ओळी यायच्या. मग या गोष्टीनंतर अकरा वर्षांनी, एका जानेवारीत सूचना लागली: ३१ मार्चला जुनं डाउनलोड दुकान बंद. त्यानंतर त्यातला कुठलाही गेम विकत घेता येणार नाही. ज्यांनी उतरवून ठेवलेत त्यांच्याकडे राहतील, बाकीच्यांसाठी ते नाहीतच.

मोरिवाकीसाननी आमचाही शेवटचा कार्यक्रम मार्चअखेर ठरवला आणि श्रोत्यांना एकच प्रश्न टाकला: मी दिलेला कुठला गुण चुकला?

बरीच कार्डं आली. जुन्या माणसांनी जुनी भांडणं काढली. फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी मी माडीवर बसून ती वाचून दाखवत होते, अजून रेकॉर्डिंग नव्हतं, नुसती निवड. मोरिवाकीसान चहा पीत होते. एक कार्ड अओमोरीहून, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं की तुमचा तो रिकाम्या धक्क्याचा विनोद ऐकून मी हसत हसत तो गेम घेतला. आई दवाखान्यात होती, भेटायची वेळ साडेतीनला संपायची, घरी येऊन चार दहाला बसायला काहीतरी हवं होतं. एक दिवस चुकला तर पुढे कुणी उतरत नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागतं, पण माझा चुकला नाही. आणि मग: "मोरिवाकीसान, सतराव्या दिवशी बोटीतून तुम्हीच उतरता. हे तुम्ही परीक्षणात का लिहिलं नाहीत याचं मला तेव्हापासून कोडं आहे. बहुतेक लाजलात."

"परत वाच," मोरिवाकीसान म्हणाले.

मी वाचलं. या वेळी साधं, घाईने.

"सतराव्या दिवशी कुणी उतरत नाही. मी तीसही दिवस पाहिलेत."

चिझुकोसान जिन्यात होत्या, हातात हँगरांचा जुडगा. तिथूनच म्हणाल्या, "तीस? अहो, तुम्ही त्या मंगळवारी भात कुकरला लावला तेव्हा बसलात आणि भात झाला तेव्हा उठलात. मला आठवतंय, कारण तुम्ही म्हणालात, संपलं एकदाचं."

मोरिवाकीसाननी कप खाली ठेवला. कपाळावर हात गेला आणि तिथेच राहिला. मला वाटतं, त्यांना सगळं त्याच क्षणी कळलं. करणाऱ्याने घड्याळावर लक्ष ठेवलं होतं. जो दिवस जगला नाही त्या दिवशी कुणी उतरत नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी गेम पुन्हा उतरवून घेतला आणि पहिल्या दिवसापासून सुरू केला. हिशोब बसत होता: तिसावा दिवस सोमवारी सत्तावीस मार्चला, बुधवारी नवं परीक्षण, शुक्रवारी दुकान बंद. दोन दिवस का होईना, कुणाला घ्यायचा असेल तर घेता येईल. मार्च म्हणजे लाँड्रीचा मारामारीचा महिना, सगळं गाव हिवाळी कोट आणून टाकतं, मुलांचे पदवीदानाचे सूट असतात. तरी चार वाजले की ते आत जायचे. पुठ्ठा तेव्हा आला. तेव्हाच त्यांनी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळही दहा मिनिटं मागे घेतलं. सासरे गेले त्यानंतर पहिल्यांदाच त्याला कुणाचा हात लागला. चिझुकोसान स्टूल धरून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी एक पोस्टमन उतरला. सहाव्या दिवशी दोन बहिणी, एकमेकींशी न बोलणाऱ्या. मोरिवाकीसान बाहेर येऊन कोटाच्या ढिगाआडून आम्हाला सांगायचे आणि चिझुकोसान विचारायच्या, "मग चहा कुणी आधी घेतला?" त्यांना त्या बहिणींची काळजी लागली होती.

सतराव्या दिवशी मी मुद्दाम गेले. चिझुकोसानही पुठ्ठा लावून आत आल्या. चार दहा झाले. बोट लागली. एक बुटका माणूस उतरला, हातावर पिशवीत घातलेले शर्ट. बाकावर बसायच्या आधी त्याने खिशातून रुमाल काढला आणि बाक पुसला. निळ्या काठाचा रुमाल. एक कोपरा जिभेसारखा बाहेर.

चिझुकोसाननी माझा दंड धरला. इतका जोरात की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

पडद्यावरच्या माणसाने चहा घेतला. 'पाच ओळींत सांगतो,' म्हणाला. पाणी चांगलं. कप जुना, पण स्वच्छ. बाक थोडा हलतो. बोलायला माणूस आहे. आणि शेवटी: 'गुण उद्या देतो. आज घाई नाही.' मग शर्ट उचलून गेला.

बाहेर कुणीतरी घंटी वाजवली. कुणी उठलं नाही. शेवटी चिझुकोसान म्हणाल्या, "खोली बारा."

पत्र मोरिवाकीसाननी तिसऱ्या खर्ड्यानंतर टाकलं. वसतिगृह कधीच पाडलं गेलं होतं, पण गोदीच्या कचेरीतून कुणीतरी ते पुढे पाठवलं असावं. उत्तर आलं, कार्डावर, निळ्या-काळ्या शाईत. अक्षर अजूनही झुकलेलं. 'रविवारी दुपारी घरी असतो. फुकुझुमी.' विनोद नव्हता.

तो रविवार म्हणजे एकोणतिसावा दिवस. चिझुकोसान म्हणाल्या, मी बसते ना तिथे, झाडू मारायला मला कुणी शिकवायला नको. मोरिवाकीसान म्हणाले, नको, एक वाजता पोचतो, अडीचच्या गाडीने परत निघतो, चारला घरात. पूर्वी समोरच्या किनाऱ्याला थेट बोट होती, ती बंद झाली. आता पुलावरून, गाड्या बदलत, लांबून जावं लागतं. मला बरोबर नेलं. खरं तर मीच मागे लागले. ते परीक्षण वाचणारी मी होते.

आम्ही एकला पोचलो. घराला कुलूप. शेजारच्या आजी म्हणाल्या की सकाळीच गोदीतून बोलावणं आलं, कुठल्याशा जहाजाचा रंग ओला असताना खरवडला गेलाय, येईल इतक्यात. दोन वाजले. सव्वादोन. मी म्हटलं, मोरिवाकीसान, आता निघालो तर अडीचची मिळेल. पुढच्या रविवारी येऊ. पण पुढच्या रविवारपर्यंत दुकान बंद झालेलं असणार होतं, आणि एकोणतिसावा दिवस असा पुढे ढकलताही येत नव्हता. ते पायरीवर बसले होते, मांडीवर भेटीचं खोकं, त्यात चिझुकोसाननी दिलेले बिस्किटांचे पुडे आणि एक रुमाल.

"एकदा घाई केली," ते म्हणाले आणि उठले नाहीत.

फुकुझुमी तीनला आले. पंचेचाळिशीचे, उंच, नखांत लाल रंग. मोरिवाकीसान उभे राहिले आणि कमरेत वाकले, इतके खाली की डोक्यावरची टोपी पडली. फुकुझुमींनी टोपी उचलली, झटकली आणि हातात धरून उभे राहिले, कारण ती परत द्यायला समोरचा माणूस वर येईना.

आत चहा झाला. मोरिवाकीसाननी सगळं सांगितलं: मंगळवार, सेटिंग, भात. फुकुझुमी ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. परीक्षणात 'रिकामा' वाचलं आणि कळलं. रिकामी बोट फक्त घड्याळ पुढे करणाऱ्यालाच दिसते."

"मग लिहिलं का नाहीत?"

"लिहिलं होतं. पेटीत टाकलं नाही. काय लिहिणार? चार वर्षं ज्यांना विनोद पाठवले त्यांना म्हणायचं, तुम्ही लबाडी केलीत? लोकांना कळलं असतं तर तुमचं काय राहिलं असतं?" त्यांनी नखातला रंग खरवडला. "आणि तुमचा बुधवार मला माहीत होता. सात दिवसांत कपडा परत देणाऱ्याला मी तीस दिवसांचं काम दिलं. थोडी चूक माझीही."

"नाही," मोरिवाकीसान म्हणाले. त्या दुपारी ते इतक्या ठामपणे दुसरं काहीच बोलले नाहीत.

मग मला राहवेना. मी म्हटलं, ते वाचलं मी होतं.

"हो ना. छान वाचलंत," फुकुझुमी म्हणाले. "'फुकट'च्या आधी थांबलात. आमच्या वसतिगृहात सगळे लोळले हसून. मीही हसलो. कुणाचा गेम आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं."

हे त्यांनी टोमणा म्हणून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते खरंच दाद देत होते.

दुसरा गेम केला का, असं मोरिवाकीसाननी विचारलं. अर्धा झाला होता, म्हणाले, मग भाचीला कॉलेजसाठी संगणक हवा होता, तो देऊन टाकला. नव्या परीक्षणाबद्दल सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, मला अजून ठरवता येत नाही. शेवटी मोरिवाकीसान म्हणाले, "मला बुधवारी लिहायचंय. तिसाव्या दिवशी काय होतं तेवढं सांगता का?"

"ते नाही सांगणार," फुकुझुमी म्हणाले. "तेही घड्याळ पुढे करणंच झालं."

तेवढ्यात त्यांची नजर भिंतीकडे गेली. चार वाजून बारा मिनिटं झाली होती. त्यांनी मोरिवाकीसानकडे पाहिलं. "तुमचा आज कितवा?"

"एकोणतिसावा."

फुकुझुमींनी हातातला कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "आज यायला नको होतंत."

परतीच्या गाडीत पूल ओलांडताना समुद्र दोन्ही बाजूंना होता. मोरिवाकीसान खिडकीकडे पाठ करून बसले.

सोमवारी चार दहाला बोट आली. कुणी उतरलं नाही. चिझुकोसान म्हणाल्या, घड्याळ एक दिवस मागे घ्या, कुणाला कळणार आहे? "त्यांना कळेल," ते म्हणाले. आणि रिकामाच धक्का झाडून घेतला.

बुधवारी त्यांनी पाच ओळी लिहिल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच शेवट न पाहता.

'हा गेम मी अकरा वर्षांपूर्वी खेळलो असं लिहिलं होतं. मी खेळलो नव्हतो, घड्याळ पुढे केलं होतं. आता अठ्ठावीस दिवस खेळलो. धक्का रिकामा नाही. शेवट पाहिलेला नाही, त्यामुळे गुण देण्याचा मला अधिकार नाही. शुक्रवारपर्यंत मिळेल, खेळायची घाई करू नका, पण घ्यायची करा.'

किती जणांनी घेतला ते कळायला मार्ग नाही. शुक्रवारी दुकान बंद झालं.

शेवटच्या कार्यक्रमासाठी आलेल्या कार्डांत नऊ जणांनी तोच जुना तुकडा पुन्हा ऐकवा म्हणून मागितला होता. मोरिवाकीसान म्हणाले, वाच. मी वाचलं, 'फुकट'च्या आधी न थांबता. सुटांच्या पिशव्या पंख्याने हलत होत्या, त्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला आहे. ओल्या मोज्याचं कार्ड नव्हतं.

गेम त्यांच्या यंत्रात अजून आहे. एप्रिलमध्ये त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अकराव्या दिवशी बॉयलर फुटला. मग सासूबाई घसरून पडल्या. मग पूर्वजांच्या सणाला गावी जावं लागलं. एकदा चोविसाव्या दिवसापर्यंत पोचले आणि एक गिऱ्हाईक मुलीच्या लग्नाचा डागाळलेला किमोनो घेऊन रडत काउंटरवर उभं राहिलं. ते टीव्हीसमोर पोचले तेव्हा चार तीस झाले होते. सलग तीस दुपारी माणसाला कुठे मिळतात, हे त्या बेटावर बसून ठरवणं सोपं असेल, लाँड्रीत नाही. अओमोरीच्या बाईंनी पत्र पाठवलं की हवं तर मी शेवट सांगते. त्यांनी उलट टपाली विनंती केली, कृपया सांगू नका.

परवा मी कोट टाकायला गेले तेव्हा पुठ्ठा लावलेला होता. आतून किटलीची शिटी ऐकू येत होती, टीव्हीतल्या. चार वीसला ते बाहेर आले.

"आज कोण?" चिझुकोसाननी विचारलं.

"त्या दोघी बहिणी."

"बोलल्या?"

"सहाव्या दिवशी नाही बोलत. तुला माहितेय."

"माहितेय हो. विचारलं आपलं."

चिझुकोसाननी काउंटरखालून आजचं टपाल काढलं: वीज बिल, पिझ्झाची जाहिरात, डिटर्जंट कंपनीचं पत्र. एकेक उलटं करून पत्त्याचं अक्षर बघितलं, मग सुलटं करून ठेवलं. मोरिवाकीसान माझ्या कोटाची बाही उजेडात धरून डाग बघत होते.

"बुधवारी मिळेल," ते म्हणाले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "की घाई नाहीये तुला?"